काडेपेट्यांचं कॅलेंडर

नाताळची तयारी आमच्या घरी काडेपेट्यांपासून सुरू होते. केक, कंदील, करंज्या हे सगळं नंतर. आधी रिकाम्या काडेपेट्या जमवायच्या, चोवीस. त्या एका जाड पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवायच्या, प्रत्येकीवर तारखेचा आकडा टाकायचा, आतल्या खणात काहीतरी लहानसं ठेवायचं, आणि एक डिसेंबरपासून रोज संध्याकाळी एक खण उघडायचा. चोविसावा उघडला की नाताळ आला. माझा नवरा नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेला. तिथल्या एका सिस्टरकडून तो हे शिकला. आमची मुलगी लहान होती तेव्हा तिच्यासाठी करायचा. ती मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली, तरी हा करतच राहिला, आणि रोज स्वतःच खण उघडून स्वतःच आतली गोळी खायचा. मी म्हणायचे, अरे तुझं वय काय, तू करतोस काय. तो म्हणायचा, वाट बघायला वय लागत नाही. तो असलं काही बोलायला लागला की मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

मी पनवेलजवळच्या कोन गावची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे गणपती, गौरी, होळी. नाताळ म्हणजे शाळेला सुट्टी, एवढंच मला माहीत. नवऱ्याचं तेव्हा जुन्या पनवेलमध्ये गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवायचं दुकान होतं. भावाच्या टेम्पोची प्लेट आणायला मी भावाबरोबर गेले, आणि पुढचं सगळं त्या प्लेटवरून सुरू झालं. माहेरी थोडी आदळआपट झाली, मग निवळली. लोकांसमोर मी त्याला अहो म्हणते, घरात अरे. पुढे रेडियमचे आकडे आले, मग तयार प्लेटा आल्या, रंगवायचं काम संपलं आणि तो रबरी शिक्के आणि दारावरच्या पाट्या करायला लागला. पण काडेपेट्यांवरचे आकडे दरवर्षी ब्रशनेच, दोन रंगांत, खाली सावली देऊन. चोवीस ट्रक रांगेत उभे केल्यासारखे दिसायचे.

चोविसाव्या पेटीचं मात्र वेगळं. तिच्यात गोळी नसते, बाळ असतं. मातीचं, अंगठ्याच्या पेराएवढं, उताणं झोपलेलं. आम्ही टेबलावर गोठा मांडतो. मरिया, योसेफ, गुरं, मेंढरं सगळी आधीपासून उभी असतात, पेंढ्याची गव्हाणी तेवढी रिकामी. चोवीस तारखेला संध्याकाळी चर्चमध्ये मिस्साला निघायच्या आधी माझा नवरा ती पेटी उघडतो आणि बाळ चिमटीत धरून गव्हाणीत ठेवतो. मुलगी लहान असताना बाकीचे सगळे खण तिचे, हा त्याचा. तिने रडून पाहिलं, रुसून पाहिलं, त्याने दिलं नाही. आमच्या संसारात हे एकदाही चुकलेलं नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्याला झटका आला. सकाळी दाढी करताना हातातलं रेझर खाली पडलं आणि ते उचलायला हात जाईना. उजवी बाजू गेली. दवाखाना वगैरे सगळं झालं. पाय महिन्याभरात आला, काठी घेऊन चालायला लागला. बोलणंही आलं, जरा जड. हात आला नाही. खांदा हलायचा, कोपर हलायचं, मनगटाच्या पुढे सगळं बंद. मूठ वळलेली आणि अंगठा आत. डॉक्टर म्हणाले, येईल, पण मेहनत पाहिजे, आणि ती आत्ताच्या महिन्यांत. नंतर अवघड आहे. मग फिजिओथेरपीची एक मुलगी यायला लागली, उलव्याहून. स्कूटीवर यायची, तिकडच्या बांधकामांची सगळी धूळ केसांत घेऊन यायची, आल्या आल्या आमच्या बेसिनवर तोंड धुवायची आणि कामाला लागायची.

सुरुवातीला त्याने सगळं केलं. चेंडू दाबला, टॉवेल पिळला. मी शेजारी बसून म्हणायचे, हललं, आज करंगळी हलली बघ. हललेलं नसायचं. पण समोर माणूस घामाघूम होतोय आणि आपण काय म्हणायचं? दिवाळीनंतर मात्र तो कंटाळला. फिजिओवाली मुलगी आली की भिंतीकडे बघत बसायचा. अंगठा तेवढा थोडा सुटला होता, मुठीतून बाहेर यायचा, परत आत जायचा. त्याला त्यात काही राम वाटत नव्हता. मुलगी एकदा दाराशी चपला घालताना मला म्हणाली, "काकू, काकांना चेंडू पुरे झाला. त्यांच्या आवडीचं काहीतरी काम द्या. अंगठ्याने ढकलायचं, चिमटीने उचलायचं, असं."

चिमटीने उचलायचं म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार?

तिथेच ठरवलं की यंदा काडेपेट्या मी करायच्या, आणि त्याला कळू न देता. अंगठ्याने खण ढकलायचा, आतली वस्तू चिमटीने काढायची, रोज एक. चोवीस तारखेपर्यंत बोटं इतकी सुटतील की बाळ तो स्वतः ठेवेल. आणि नाही ठेवलं, तर तो हात कायमचा मांडीवर पडून राहील. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं, पण एकदा डोक्यात बसलं ते बसलं. भांडी घासताना तेच, रांगेत उभी असताना तेच. रडू यायचं, मग माझाच मला राग यायचा.

काडेपेट्या जमवणं हल्ली सोपं राहिलेलं नाही. घरोघरी गॅसचे लायटर. काडेपेटी लागते ती देवाजवळ आणि टपरीवर. देवळाबाहेरच्या फुलवालीला सांगून ठेवलं, ती उदबत्तीबरोबर काडेपेट्या विकते आणि स्वतःच्याही संपवते. भाजीबाजाराजवळच्या चहावाल्याला सांगितलं. आणि खालच्या मजल्यावरच्या मावशींना. मावशी बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, बँकेतून निवृत्त झालेल्या, दोन्ही मुलगे इस्रायलला. मुलं बोलावतात, ह्या जात नाहीत. तिथे माझ्याशी मराठीत भांडायला कोण आहे, म्हणतात. त्या शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतात आणि त्यासाठी काडीच लागते, लायटर चालत नाही असं काही नाही, पण त्यांना चालत नाही. त्यांनी एक पिशवीभर पेट्या काढून दिल्या. किती वर्षांच्या साठवल्या होत्या कोण जाणे. वर मला म्हणाल्या, "कर माझ्याकडेच बसून. तुझ्या घरात तुला गुपित ठेवता येणार नाही, तुझा आवाज जिन्यापर्यंत येतो."

मोकळा वेळ मला शनिवारीच मिळाला, कारण त्या दिवशी भाऊ येऊन नवऱ्याजवळ बसला होता. शनिवारी मावशी काम करत नाहीत, तो त्यांचा विश्रांतीचा वार. म्हणून त्या खुर्चीत बसून नुसत्या बघत होत्या आणि मी जमिनीवर पसारा मांडून चिकटवत होते. खळ मी घरूनच शिजवून नेली होती, गव्हाच्या पिठाची. बाजारचा गोंद मला आवडत नाही. आमच्या कोनच्या घरी गणपतीचं मखर दरवर्षी खळीनेच व्हायचं. खळ सढळ हाताने लावायची, कागद दाबून बसवायचा, वर वजन ठेवायचं, आणि सुकेपर्यंत हलवायचं नाही. आई म्हणायची, कंजुषी केलीस तर विसर्जनाआधी मखर सुटेल आणि गावात नाव जाईल. मी तशीच शिकले आणि तसंच केलं. प्रत्येक पेटीत आधी वस्तू भरली. एकात कडवा वाल, एकात चिंचोका, एकात शर्टाचं बटण, एकात सेफ्टी पिन, मध्ये मध्ये लिमलेटची गोळी, म्हणजे त्याला थोडं गोडही मिळेल. चोविसाव्यात कापसात गुंडाळून बाळ. मग खणासकट पेट्यांना खालून, बाजूने खळ फासली, पुठ्ठ्यावर बसवल्या, वरून चकचकीत लाल कागद चिकटवला. वर पोळपाट ठेवला आणि पोळपाटावर मावशींच्या तांदळाचा डबा.

आकड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरची उलटून गेलेली पानं घेतली आणि त्यातले आकडे कापले. आता त्या आकड्यांच्या खाली जे छापलेलं असतं ते काही मला कापता आलं नाही. त्यामुळे आमच्या नाताळच्या कॅलेंडरवर दोन ठिकाणी एकादशी आली, एका ठिकाणी वटपौर्णिमा, आणि अकराच्या खाली माझ्याच अक्षरात "गॅस लावला". मावशी चष्मा पुढे ओढून बघून म्हणाल्या, "आमचं काही नाही टाकलंस?" मी म्हटलं, तुमच्या काडेपेट्या आहेत ना.

एक डिसेंबरला संध्याकाळी मी ते टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलं आणि त्याला हाताला धरून आणलं. तो बघतच राहिला. पुठ्ठ्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं, एकादशीपाशी थांबलं, हसायला आलं असणार पण हसला नाही. "तू केलंस?" म्हणाला. मी म्हटलं, मग काय शेजाऱ्यांनी? चल, पहिली उघड. उजव्या अंगठ्याने, खालून.

त्याने उजवा हात डाव्याने उचलून पेटीखाली आणला. अंगठा बाहेर काढला. त्यालाच किती वेळ लागला. मग ढकललं. खण हलला नाही. परत ढकललं. कपाळावर घाम आला, ओठ वाकडा झाला, मान ताठ. मी आपली सवयीने म्हणाले, "सरकतोय, सरकतोय." त्याने माझ्याकडे बघितलं. अजून दोनदा जोर लावला, आणि मग थांबला. डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा मांडीवर ठेवला.

"रिकामी काडेपेटीसुद्धा नाही उघडत," म्हणाला. "झालं तुझं समाधान? यंदा बाळ तू ठेव."

मी म्हटलं, उद्या होईल. तो म्हणाला, नको. आणि तो नको म्हणाला म्हणजे नको. दुसऱ्या दिवशी फिजिओवाली मुलगी आली, त्याने हात पांघरुणाखाली घेतला. तिने गोड बोलून पाहिलं, मी कडू बोलून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मुलगी जाताना म्हणाली, काकू, आत्ता सोडलं तर आत्तापर्यंतचं पण जाईल. मी रागाने पेटले होते. घरातली सगळी भांडी त्या दिवशी जरा जोरातच घासली गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्याला काडेपेट्या दाखवल्याच नसत्या तर निदान चेंडू तरी दाबत राहिला असता.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, ठेवते मीच बाळ, आणि हा पुठ्ठा जातो कचऱ्यात. चोविसाव्या पेटीखाली अंगठा लावला आणि ढकललं. हलेना. मला वाटलं, घाईत तिरका लागला. नीट लावला, जोरात ढकललं. नाही. पहिली पेटी ढकलली, तीही नाही. वटपौर्णिमा नाही, एकादशी नाही, "गॅस लावला" नाही. पोळ्या लाटून लाटून माझे अंगठे लोखंडाचे झालेत, आणि एकही खण केसभर सरकेना. खळ पेट्यांच्या कडेने आत गेली होती, वर तांदळाचा डबा होता, आणि सगळं एकजीव होऊन मखरासारखं पक्कं बसलं होतं.

मी तिथेच खुर्चीवर बसले. म्हणजे त्याच्या हातात जोर नव्हता असं नव्हतंच. कुणाच्याच हाताने ती पेटी उघडली नसती. आनंद झाला, आणि त्याच वेळी वाटलं, माझ्यासारखी अक्कलशून्य बाई शोधून सापडायची नाही. तशीच उठून त्याच्याकडे गेले आणि सांगितलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? खरंच चिकटलेत. मलाही उघडत नाहीत."

"तू झटका आला त्या दिवसापासून असंच खरंच-खरंच सांगतेयस," तो म्हणाला. "करंगळी हलली म्हणालीस. हलली होती?"

मी त्याच्या पांघरुणाची घडी नीट करायला लागले.

"परवा सरकतोय म्हणालीस. सरकत होता?"

महिनोन्महिने मी त्याला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं होतं, आणि आता खरं सांगायची वेळ आली तर ते त्याच माळेतला मणी झालं. मी खाली जाऊन मावशींना बोलावून आणलं, साक्षीला. मावशींनी दोन पेट्यांना जोर लावून बघितला आणि म्हणाल्या, "नाही उघडत रे. हिने पक्क्या केल्यात."

तो म्हणाला, "मावशी, तुम्हालाही सामील करून घेतलं का?"

मावशींना राग आला. "मी या वयात जिना चढून खोटं बोलायला येऊ? तुमच्याकडचा चहासुद्धा तेवढा चांगला नसतो," म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. गेल्या नाहीत. मला हळूच म्हणाल्या, "त्याचा कुणावर विश्वास असेल तर त्याच्या स्वतःवर."

मग माझं डोकं फिरलं. टेबलावरचा पुठ्ठा उचलला आणि त्याच्या मांडीवर आपटला. "डाव्या हाताने उघड," मी म्हटलं. "तो तर धड आहे ना? तो काही माझ्या बाजूने खोटं बोलणार नाही. उघड."

त्याने पहिल्यांदा नुसतं माझ्याकडे बघितलं. मग डावा अंगठा पहिल्या पेटीला लावला, सहज, लोक लावतात तसा. खण हलला नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली. परत लावला, जोर काढला. नाही. दुसरी पेटी, तिसरी. मग पुठ्ठा गुडघ्यांत धरला आणि पहिल्या पेटीला नखाने ओढायला लागला, तेव्हा अख्खी पेटीच पुठ्ठ्याचा एक पापुद्रा घेऊन उपटून आली. त्याने ती डोळ्यांजवळ धरली. कडेने पांढरी खळ सुकून कडक झाली होती. त्याने वास घेतला.

"खळ?"

"खळ."

"चिकटवायच्या आधी खण काढून घेतले होतेस?"

"खण काढायचे असतात?" मी विचारलं.

इतकी वर्षं तो माझ्या डोळ्यांदेखत पेट्या करत होता. पण तो पेट्या करत असायचा तेव्हा मी करंज्या करत असायचे. आधी खण बाहेर काढून ठेवायचे, नुसती खोकी चिकटवायची, पूर्ण सुकली की मग खण आत सरकवायचे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. झटका आल्यापासून मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. तोंड एका बाजूने वाकडं होतं, आणि त्याला त्याची फिकीर नव्हती. "नाताळ करायला गेलीस आणि गणपतीचं मखर केलंस," म्हणाला. मावशीही हसायला लागल्या. मी चहा करायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडून घेतलं. मग चहा नेला. मावशींनी तो सगळा प्यायला.

त्या दिवसापासून पेट्यांचा कारभार त्याच्या हातात गेला, म्हणजे एका हातात. मी हाताखालची. कटर त्याने डाव्या हातात घेतला आणि एकेक पेटी कापून सोडवायला लागला. पुठ्ठा हलू नये म्हणून त्यावर उजवा हात पसरून ठेवायचा. "वजन म्हणून तरी उपयोगी आहे," म्हणायचा. मूठ पसरून ठेवायला आधी मी लागायचे, मग एक दिवस बघितलं तर त्याची त्यानेच टेबलाच्या कडेला घासून उघडली होती. मी पुढची पेटी त्याच्यापुढे सरकवली. बऱ्याच पेट्या फाटल्या, फुलवालीकडून आणखी आणल्या. मला ओरडायचा. खळ घट्ट कर, पातळ नको. बोटाने लाव, ओतू नकोस, इडलीचं पीठ आहे का ते. मी पण ओरडायचे. फिजिओवाली मुलगी आली तेव्हा आमची दोघांची जुंपलेली होती आणि ती दारातच थांबली, मग म्हणाली, काका, आज चेंडू नको, हेच चालू द्या.

आकडे मात्र त्याने बदलू दिले नाहीत. मी म्हटलं, तू डाव्या हाताने काढ की. म्हणाला, राहू दे, यंदा हेच आहे.

हे सगळं होईपर्यंत आठवडा उलटून गेला होता. मग रोज दोन-दोन खण उघडायचं ठरलं, मागचे भरून काढायला. आणि त्याने एक अट घातली. हललं तर हललं म्हणायचं, नाही हललं तर गप्प बसायचं. मला मेलीला गप्प बसायची सवय नाही, पण कबूल केलं. पहिल्या संध्याकाळी खण त्याने मुठीच्या कडेने ढकलला, अंगठ्याने नव्हे. मी गप्प. दुसऱ्या संध्याकाळी अंगठा लागला, अर्धा खण सरकला. "हललं," मी म्हटलं, आणि त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. चिमटीचं मात्र जमेना. वाल दरवेळी निसटून टेबलाखाली जायचा. बटण बोटांत यायचं आणि पडायचं. एक-दोन दिवस असे गेले की खणही उघडला नाही आणि तो जेवलाही नाही. एकदा चिंचोका चिमटीत आला आणि मग सुटेचना, बोटं मिटली ती मिटली, शेवटी फिजिओवाल्या मुलीने येऊन एकेक बोट चोळून सोडवलं. ती म्हणाली, पकडण्यापेक्षा सोडणं उशिरा येतं, काका. असंच असतं.

भावाने कोनहून फोन केला. "पेंडा हाय, घेऊन येतो गोठ्याला. भाऊजींचा हात कसा हाय?"

मी म्हटलं, "थोडा हाय." माहेरच्यांशी बोलताना माझं बोलणं आपोआप तसं होतं. त्याने भाताचा पेंढा आणला, नवऱ्याने बसल्या जागेवरून सांगून माझ्याकडून गव्हाणी करून घेतली. तीन वेळा मोडायला लावली.

चोवीस तारखेला संध्याकाळी मी त्याला पांढरा शर्ट घातला, बटणं लावली. रिक्षा खाली येऊन उभी होती. मावशी वर आल्या होत्या, त्या बाजूला खुर्चीत. मी टेबलावरचा दिवा लावला आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले, कारण माझे हात मला माहीत आहेत, पुढे जाणारच.

त्याने अंगठा लावला आणि चोविसावा खण ढकलला. उघडला. कापूस डाव्या हाताने बाजूला केला. मग उजवा हात वरून आणला. एकदा बाळाच्या बाजूने बोटं गेली, एकदा बाळ नुसतंच खणात फिरलं. तिसऱ्या वेळी त्याने अंगठ्याने बाळ खणाच्या भिंतीशी दाबलं, तर्जनी खाली घातली, आणि ते वर आलं. हळूहळू तो हात त्याने गव्हाणीवर नेला.

आणि मग बोटं सुटेनात. बाळ पेंढ्याच्या वर, आणि चिमूट घट्ट. खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी जीभ दाताखाली धरली होती. पुढे होऊन एक बोट जरा चोळलं असतं तरी झालं असतं. मी हलले नाही. तो त्या हाताकडे बघत होता, रागाने नाही, नंबर प्लेट रंगवताना रंग सुकायची वाट बघायचा तसा. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग अंगठा आपोआप ढिला पडला आणि बाळ गव्हाणीत पडलं. पालथं.

तो माझ्याकडे वळला. "हललं?"

"हललं," मी म्हटलं. आणि त्याने ते खरं मानलं.

मिस्साला आम्ही उशिरा पोचलो, मागे उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी दिवसभर माणसं येत होती. बिल्डिंगमधली, माझी माहेरची, त्याच्या दुकानातले जुने. जो येई तो गोठ्याजवळ जाई, आणि बाळ पालथं बघून सरळ करायला हात पुढे करी. मी स्वयंपाकघरातूनही लक्ष ठेवून होते. संध्याकाळी मावशी आल्या. त्यांनी समोर घडलेलं सगळं बघितलं होतं, तरी त्यांचाही हात गेलाच, सवयीने, घरातल्या पोराला कुशीवर वळवायला जातो तसा. मी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या, मावशी," मी म्हटलं. "त्याने ठेवलंय."

मावशींनी हात मागे घेतला आणि ताटलीतली करंजी उचलली.